पंचा नेसून लग्नाला



विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एका स्नेह्यांनी विचारले, "जरा गंभीर विषय नाही का निघणार?" त्यांचे खोटे नव्हते. वसंत व्याख्यानमालेत लोक राष्ट्राचे भवितव्य ऐकायला येतात, म्हाताऱ्या मास्तराच्या पंच्याची कथा ऐकायला नव्हे. परंतु गेली सहा वर्षे आम्ही लग्नामुंजीला पंचा नेसून जातो आणि या सहा वर्षांत माणसांविषयी जे कळले, ते चाळीस वर्षांच्या मास्तरकीत कळले नव्हते. म्हणून हट्ट धरला.

आरंभ तत्त्वाने झाला नाही, घामोळ्याने झाला. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो, आणि लग्ने नेमकी तेव्हाच असतात. अशा दुपारी सुती विजारीवर कोट चढवून, पंगतीत मांडी घालून बसणे म्हणजे काय, ते येथल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक आहे. घरी आम्ही पंचा आणि बंडीच वापरत होतो. एका लग्नाला तसेच निघालो. आमच्या घरातून प्रश्न आला, "विहिरीवर चाललात की लग्नाला?" आम्ही म्हटले, "लग्नाला." त्यावर दोन दिवस अबोला झाला.

पुढे पुष्कळ झाले. नागपूरच्या एका मंगल कार्यालयाच्या दारावर रखवालदाराने आम्हांला आचाऱ्यांच्या वाटेने आत जायला सांगितले. वधूपिता आमचा मावसभाऊ, तो धावत आला, रखवालदारावर ओरडला आणि मग हळूच आम्हांला म्हणाला, "दादा, निदान फोटोच्या वेळी मागे उभे राहा." आम्ही मागे उभे राहिलो. रागावलो नाही असे सांगितले तर ते खोटे होईल.

अशा प्रसंगी मनुष्य मोठ्यांचा आधार शोधतो. गांधीजींनी 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुरेस टोपी, सदरा सोडून आखूड पंचा पत्करला. सर्वांना पुरेल एवढी खादी नव्हती, असली तर गरिबाला परवडत नव्हती, म्हणून. गंमत अशी की आरंभी त्यांनी 31 ऑक्टोबरपर्यंतचीच मुदत घातली होती, आणि सहकाऱ्यांनी अनुकरण करावे असे आपले म्हणणे नाही, हेही स्पष्ट केले होते. चर्चिलसाहेबांनी 1931 साली त्यांना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते याच वेषात इंग्लंडच्या राजाच्या मेजवानीला गेले. मावसभाऊ तेथे असता तर त्यांनाही मागे उभे केले असते.

खुद्द त्या राजाच्या राज्यातली हकीकत तर याहून मजेची आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले पुरुष किल्ट नावाचे, कंबरेला गुंडाळून गुडघ्याशी संपणारे लोकरी वस्त्र नेसतात. आपल्या पंच्याचे थंड प्रदेशातले भावंडच ते. 1745 च्या बंडानंतर इंग्रज सरकारने 1746 साली कायदा करून त्या वेषावर बंदी घातली. सैन्यात भरती होणाऱ्याला मात्र सूट! म्हणजे घरी नेसला तर गुन्हेगार, राजासाठी मरायला निघाला तर शूर. 1857 च्या युद्धात लखनौवर चालून आलेल्या पलटणींत किल्टवाले होते. बंदी 1782 साली उठली, आणि 1822 साली राजा चौथा जॉर्ज स्वतःच किल्ट नेसून एडिंबरोत मिरवला. आज तेथला नवरदेव किल्ट नेसून बोहल्यावर चढतो. वस्त्र तेच आहे. ते कोणी नेसले, यावर त्याची किंमत ठरत गेली.

आपल्याकडे 2014 च्या जुलैत चेन्नईच्या एका क्लबाने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना धोतर नेसले म्हणून दारातून परत पाठवले. पुढच्याच महिन्यात तामिळनाडूच्या विधानसभेने अशा मनाईविरुद्ध कायदा केला. न्यायमूर्ती होते म्हणून कायदा झाला, हा आमचा संशय आहे.

आता आपल्या जंगलाकडे वळू. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडजवळ हेमलकशाला गेले, लोकबिरादरी प्रकल्प 1973 च्या डिसेंबरात सुरू झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, तो 1982 साली झाला. माडिया गोंडांच्या अंगावर लंगोटीपलीकडे वस्त्र नाही, हे पाहून डॉक्टरांनी स्वतःचे कपडे अर्धी चड्डी आणि बनियनपर्यंत उतरवले. शहरातल्या सभांनाही ते याच वेषात येतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्यांचे वडील बाबा आमटे वरोऱ्याचे वकील, जमीनदाराचे चिरंजीव, ऐन तारुण्यात शौकिनीत राहिलेले. तेही पुढे खादीची बंडी आणि अर्धी चड्डी यांवर आले. आम्ही मनातल्या मनात स्वतःला त्यांच्या रांगेत बसवले होते. अहंकार पंच्यातही मावतो.

तो उतरवला एका माडिया तरुणाने. आश्रमशाळेत शिकून पुण्याला पदवी घेतलेला, आमच्या एका विद्यार्थ्याचा मित्र. आलापल्लीच्या एका लग्नात शेजारी जेवायला बसला होता. कडक इस्त्रीची पँट, बूट, एवढ्या उन्हात टाय. आम्ही थट्टेने म्हटले, "अरे, तुझ्या आजोबांचा वेष मी घातला आणि तू माझा!" तो हसला नाही. म्हणाला, "सर, तुम्ही पंचा नेसला तर लोक म्हणतात, मास्तर साधे आहेत. माझा बाप असा तालुक्याच्या कचेरीत गेला तर त्याला व्हरांड्यात बसवतात. साधेपणा तुम्हांला परवडतो."

आमच्या हातातला घास हातातच राहिला.

त्या रात्री आठवले ते बाबासाहेब आंबेडकर. 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले होते, की लुगडी पांढरपेशा बायांप्रमाणे पायघोळ नेसा, जातीची खूण सांगणारे जडशीळ दागिने टाका. दुसऱ्या दिवशी बायांची नेसण बदललेली होती! लोकमत त्याही वेळी होते, आणि आमच्या मावसभावाच्या मतापेक्षा फार जहाल होते. आम्हांला फोटोत मागे उभे राहावे लागले, त्या बायांना गावात परत जाऊन राहायचे होते. स्वतः बाबासाहेब सुटाबुटात वावरले, तेव्हा तो शौक नव्हता. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेताना त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, आपल्या याच गावी त्यांनी दीक्षा दिली. तेव्हाही लोकांनी शुभ्र वस्त्रे परिधान करून यावे, असे सांगणे होते. ज्यांना शतकानुशतके मळके-फाटके वापरायला लावले, त्यांनी पांढरे धुतलेले नेसावे, याला किती धैर्य लागले असेल!

तेव्हा, श्रोतेहो, कपडे उतरवणे आणि कपडे चढवणे, दोन्ही लोकांच्या नाकावर टिच्चून करता येते. मग आम्ही पंचा सोडला का? सोडायचे ठरवले होते. शिंप्याकडे मापही दिले. परंतु त्या तरुणाला पत्र लिहिले, तेव्हा त्याचे उत्तर आले ते असे: "सर, सोडू नका. माझ्या बापाला घेऊन कचेरीत याल का? त्याच वेषात, दोघेही."

आम्ही गेलो. चार तास थांबलो. साहेबांनी आधी आम्हांला आत बोलावले आणि खुर्ची दिली, त्याच्या बापाला नाही. आम्ही उभेच राहिलो, तेव्हा दुसरी खुर्ची आली. दाखल्याचे काम मात्र त्या दिवशी झाले नाही. "पुढच्या सोमवारी या" असे सांगितले आहे. त्या सोमवारी नेमकी भाचीच्या लेकीची हळद आहे, पत्रिकेवर सर्वांनी पिवळा वेष करावा असे छापले आहे. पंचा हळदीत बुडवून वाळत घातला आहे. कचेरीत आधी जायचे आहे, तेव्हा पिवळा पंचा नेसूनच जावे लागणार.