गाडी विकली, पत्र मात्र येतं



जळालेल्या गाड्या बघणं हे माझं काम आहे. विम्याचा दावा आला की सर्व्हेअर म्हणून मला बोलावतात आणि काळ्या सांगाड्यातून आग कुठून सुरू झाली ते शोधायचं असतं. काही वर्षांपूर्वी असाच कराडला एका घरी गेलो होतो. पडवीत लावलेली दुचाकी पहाटे पेटली होती. घरची माणसं मागच्या दाराने बाहेर पडली म्हणून वाचली. पुढच्या दाराची चौकट मात्र कोळसा झाली होती. घरधनी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "साहेब, किल्ली माझ्या उशाशी होती. बंद गाडी पेटेल कशी?"

ती गाडी त्याने वर्षभरापूर्वी मिरजेच्या एकाकडून घेतली होती. चौकशीसाठी मी मिरजेला गेलो. तिथल्या आजींनी भिंतीवरच्या तारेला अडकवलेल्या वीजबिलांतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पाकीट फोडलेलंही नव्हतं. आत गाडीच्या कंपनीचं पत्र होतं. वायरिंगमधला एक भाग सदोष आहे, गाडी जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आणा, मोफत बदलून देऊ. आजी म्हणाल्या, "गाडी तर विकली आम्ही. मग म्हटलं, आता याचं काय काम?"

आज मी बोलायला आलोय तो त्या पाकिटासाठी.

कंपनी अशी गाडी परत बोलावते त्याला रिकॉल म्हणतात. शब्द ऐकला की माणूस बिचकतो. गाडी काढून घेणार की काय, आपण फसलो की काय, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काम तासा-दोन तासांचं असतं. मे 2021 मध्ये रॉयल एनफील्डने क्लासिक, बुलेट आणि मीटिओर मिळून 2,36,966 मोटारसायकली परत बोलावल्या. त्यात आपल्या देशातल्या होत्या, तशा बाहेर विकलेल्याही होत्या. डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात बनलेल्या त्या गाड्या. दोष इग्निशन कॉइलमध्ये होता. ही कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करून स्पार्क प्लगला देते. तिच्यातलं इन्शुलेशन कच्चं राहिलं तर गाडी मिसफायर करते, ओढ कमी होते आणि क्वचित शॉर्ट सर्किट होतं. दहांतल्या एकाहूनही कमी गाड्यांना कॉइल बदलावी लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. पण त्या नेमक्या कुठल्या, हे तपासल्याशिवाय कळणार कसं? म्हणून सगळ्यांनाच बोलावलं. माझ्या मते हे योग्यच केलं.

आता त्या घरधन्याच्या प्रश्नाकडे येतो. 12 व्होल्टच्या तारेला हात लावला तरी शॉक बसत नाही, म्हणून लोक गाडीच्या विजेला भीत नाहीत. पण आग व्होल्टवर ठरत नाही, उष्णतेवर ठरते. दोन तारा जोडणारा प्लॅस्टिकचा कपलर तुम्ही पाहिला असेल. त्यातली एखादी पिन सैल झाली किंवा गंजली की तिथे विजेला अडथळा होतो. समजा अडथळा अर्ध्या ओहमचा आहे आणि त्यातून 8 अँपिअर वीज वाहते आहे. हिशेब केला तर त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत 32 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं आणि ते कथील वितळवतं. आणि फ्यूज? तो उडतच नाही. फ्यूज जादा वीज ओढली गेली की तुटतो. इथे वीज जादा नसतेच, 10 अँपिअरचा फ्यूज स्वस्थ बसून राहतो. कपलर आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग मऊ पडतो. जळक्या प्लॅस्टिकचा वास त्याच सुमाराला येऊ लागतो. हा वास कधीही दुर्लक्षू नका.

आणि किल्ली काढली म्हणजे सगळी वीज बंद झाली, हाही गैरसमज आहे. काही तारा थेट बॅटरीवर असतात, त्या दिवसरात्र जिवंत असतात. अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांत क्रूझ कंट्रोलचा एक छोटा स्विच असा सतत जिवंत होता. त्यातला पातळ पडदा चिरायचा, ब्रेक ऑइल आत झिरपायचं, गंज चढायचा, स्विच तापायचा, आणि बंद करून ठेवलेली गाडी पेटायची. 1999 ते 2009 या दहा वर्षांत त्या एका स्विचपायी सुमारे 1 कोटी 40 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उपाय काय होता? फ्यूज असलेली एक तार मध्ये जोडायची, बस. आपल्याकडे पुण्यात धानोरीला 26 मार्च 2022 रोजी ओलाची विजेवरची स्कूटर पेटली, तीही रस्त्याकडेला उभीच होती. पुढच्याच महिन्यात ओलाने 1,441 स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. ओकिनावाने 3,215 बोलावल्या, बॅटरीची जोडणी सैल आहे का, कुठे नुकसान झालंय का, हे बघायला.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110 ए आलं. सरकारने रिकॉलचा आदेश दिला तर कंपनीला गाडी दुरुस्त करून द्यावी लागते, बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांत सात वर्षांपर्यंतच्या गाड्या येतात आणि सक्तीच्या रिकॉलला कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. गाडीतल्या दोषाची तक्रार मालकाला परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदवता येते. गॅरेजवाल्याशी भांडून घरी येण्यापेक्षा ती नोंदवा. एका तक्रारीने काही होत नाही असं वाटेल, पण सरकार आकडाच मोजतं.

पत्र आलं, तर आधी ते पूर्ण वाचा. दुरुस्ती होईपर्यंत काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं असतं. 2021 मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या बोल्ट या विजेवरच्या मोटारीच्या मालकांना कळवलं होतं, की गाडी घराबाहेर उघड्यावर लावा आणि रात्रभर घरात चार्जिंगला ठेवू नका. असं काही लिहिलं असेल तर त्याच संध्याकाळपासून पाळा, रविवारची वाट बघू नका. मग आरसी बुक काढा, त्यावरचा 17 अक्षर-अंकांचा चॅसी नंबर सर्व्हिस सेंटरला सांगा आणि तारीख घ्या. काम झाल्यावर कुठला भाग बदलला ते जॉब कार्डवर लिहून घ्या. 'वॉरंटी संपली, पैसे पडतील' असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. रिकॉलच्या नावाखाली फोन करून ओटीपी मागणारा मात्र कंपनीचा माणूस नसतो.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. नवी गाडी घेतली की लगेच जादा दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम बसवायची आणि वायर कापून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळायची, हे थांबवा. अशी टेप उन्हाने सुटते, खालची तांब्याची तार उघडी पडून चॅसीला घासते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. चालत्या गाडीत धूर दिसला तर बाजूला घ्या, किल्ली बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि 101 किंवा 112 लावा. बॉनेट भसकन उघडू नका, आत हवा गेली की ज्वाळा तोंडावर येते.

आता जुनी गाडी घेणाऱ्यांविषयी. आपल्याकडे गाडी हातोहात फिरते. पैसे दिले, किल्ली घेतली, फॉर्म 29 आणि 30 वर सही झाली, आणि कागद डिकीत पडून राहिले. खरं तर 30 दिवसांच्या आत आरटीओला कळवून गाडी नावावर करून घ्यायची असते. नावावर करून घेतलीत तरी कंपनीच्या वहीत बहुधा पहिल्याच मालकाचा पत्ता राहतो. म्हणून जुनी गाडी घेतलीत की आरसीवर तुमचं नाव चढल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन तुमचा पत्ता आणि मोबाइल तिथेही नोंदवा, आणि चॅसी नंबर देऊन विचारा, "या गाडीचा एखादा रिकॉल राहिलाय का?" पाच मिनिटांचं काम आहे.

आणि ज्यांनी गाडी विकली आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. त्या गाडीचं पत्र तुमच्या घरी आलं, तर तारेला अडकवू नका. फोडा, वाचा आणि ज्याला गाडी दिलीत त्याला फोन करा. नंबर हरवला असेल तर पत्रावरच्या कंपनीच्या क्रमांकावर कळवा, की गाडी आता माझ्याकडे नाही, अमुक गावच्या माणसाला विकली. मिरजेच्या त्या आजींकडे कराडच्या माणसाचा नंबर होता. कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीने लिहिलेला.