कुरकुर आणि छंद



ब्रिटिशांच्या पार्लमेंटाविषयी, त्यांच्या साम्राज्याविषयी आणि शेक्सपिअरविषयी आपण आजवर पुष्कळ ऐकले असेल. आज आम्ही त्यांतले काहीच बोलणार नाही. ब्रिटनमधला सामान्य माणूस दवाखान्यात जातो, टपाल टाकतो, कचऱ्याची पेटी रस्त्यावर आणून ठेवतो आणि सुटीच्या दिवशी घरामागच्या लाकडी खोपटात शिरून तासन्‌तास काहीतरी खुडखुड करीत बसतो. त्या माणसाविषयीची आमची चार बरीवाईट मते आपल्यापुढे ठेवण्याचा विचार आहे. मते म्हटली की मतभेद आलेच. ते आपण खुशाल करावेत.

पाहुण्याच्या कानांवर तेथे पहिल्याप्रथम पडते ती तक्रार. गाडी उशिरा आली, डॉक्टरांची वेळ मिळाली नाही, रस्त्याला खड्डा पडला, कौन्सिलने कचरा न्यायचा वार बदलला. आणि सर्वांत वर हवामान! कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाची पेटी बाहेर ठेवायची, हा तेथील शेजाऱ्यांच्या बोलण्यातला मोठा गंभीर विषय असतो. आमच्यासारखा नवखा माणूस हे सारे ऐकून समजतो की हे राष्ट्र आता बुडणार. पण त्याच माणसाला आपण म्हणून पाहावे, ‘मग ही सरकारी दवाखान्याची पद्धत मोडून का टाकीत नाही?’ तो आपल्याकडे असा पाहील, की जणू आपण त्याच्या आईला नावे ठेवली. कुरकुर करण्याचा हक्क घरच्या माणसांचा. परक्याने त्यात भाग घेऊ नये, असा तेथला अलिखित कायदा आहे.

या कुरकुरीच्या मुळाशी काय आहे ते पाहू. ५ जुलै १९४८ रोजी त्या देशात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. महायुद्धाने देश खंक झालेला, साखर आणि मांस शिधापत्रिकेवर मिळत होते, आणि अशा दिवसांत आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी श्रीमंत-गरीब असा भेद न करता उपचार मोफत देण्याची ही सेवा उभी केली. खर्च करातून भागवायचा, आजाऱ्याच्या खिशातून नव्हे, हे तिचे मुख्य सूत्र. पुढे १९५१ साली सरकारने दातांच्या कवळ्या व चष्मे यांवर आकार बसवायचे ठरवले, तेव्हा याच बेव्हननी मंत्रिपद सोडले. कवळी आणि चष्मा यांच्यासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणे काहींना हास्यास्पद वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. धरणाला पहिली चीर पडते ती बारीकच असते. आज इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीला ठराविक आकार द्यावा लागतो. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथे तो माफ आहे. २०२३ साली इंग्लंडातील इस्पितळांच्या प्रतीक्षायादीतल्या नोंदी ७५ लाखांच्या पलीकडे गेल्या होत्या. म्हणजे तक्रारीला जागा नाही असे मुळीच नाही. तरी २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या उद्‌घाटनाला साऱ्या जगापुढे काय मिरवावे असा प्रश्न आला, तेव्हा त्या लोकांनी मैदानात इस्पितळातल्या खाटा आणल्या आणि परिचारिका नाचवल्या! ज्या सेवेत १९५०-६० पासून आपल्याकडचे, म्हणजे भारतातले, डॉक्टर मोठ्या संख्येने खपले, तिचाच तो गौरव होता.

टपालाची गोष्ट याहून जुनी. १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत, आणि तेही अंतर व कागदांची संख्या मोजून. रोलंड हिल या गृहस्थाने हिशेब करून दाखवला की खरा खर्च पत्र वाहून नेण्यात फारसा नाही, तो या मोजणीच्या आणि वसुलीच्या खटाटोपात आहे. मग अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी, मग ते शेजारच्या गल्लीत जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला, असे ठरले. ६ मे १८४० पासून काळ्या रंगाचे ते जगातले पहिले चिकटवायचे तिकीट चालू झाले. हेच तत्त्व १८५४ साली आपल्याकडे आले आणि अर्ध्या आण्यात पत्र हिंदुस्थानभर जाऊ लागले. डोंगरातल्या मेंढपाळाचे आणि शहरातल्या सावकाराचे पत्र एकाच दराने जावे, ही कल्पना दिसायला साधी, पण तिच्यात लोकशाहीचे बीज आहे. रॉयल मेल ही टपाल वाटणारी संस्था २०१३ पासून खाजगी भागधारकांच्या हाती गेली. तरी एकाच दराने देशभर पत्र पोचवण्याचे बंधन कायद्याने तिच्यावर अजून आहे.

आता छंदांकडे वळू. तिकिटे निघाली आणि ती जमवणारेही निघाले. जॉर्ज ऑर्वेल या लेखकाने १९४१ साली आपल्या देशबांधवांविषयी लिहिताना त्यांच्या या छंदवेडाची मुद्दाम नोंद केली आहे. कोणी कबुतरे पाळतो, कोणी घरात चिमुकली आगगाडी पळवतो. कोणी अ‍ॅलॉटमेंट घेतो, म्हणजे कौन्सिलकडून अल्प भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा. १९०८ च्या कायद्याने लोकांची मागणी असेल तेथे असे तुकडे पुरवणे कौन्सिलांचे कर्तव्य ठरवले. पुरा तुकडा सुमारे अडीच गुंठ्यांचा. त्यात बटाटे, कांदे, वालाच्या शेंगा, आणि एका कोपऱ्यात खोपटे. त्या खोपट्यात खुरपी किती आणि चहाचे पेले किती, हे विचारू नये.

आम्ही सुरुवातीस समजत होतो की सार्वजनिक सेवा एकीकडे, छंद दुसरीकडे. एक सरकारचे काम, दुसरे रिकामटेकडेपणाचे. जवळून पाहता दोहोंत एक नाते दिसते. त्या नात्यासाठीच आजचे हे बोलणे.

पाऊस मोजणाऱ्यांचे उदाहरण घ्या. १८६० साली जॉर्ज सायमन्स या तरुणाने पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र करण्यास आरंभ केला. प्रारंभी दीड-दोनशे ठिकाणच्या नोंदी होत्या; चाळीस वर्षांनी तो वारला तेव्हा ती संख्या तीन हजारांवर गेली होती. धर्मोपदेशक, डॉक्टर, बंगल्यांवरचे माळी, शाळामास्तर अशी ही माणसे. पगार नाही, बिल्ला नाही. सकाळी उठून परसातले भांडे पाहायचे आणि आकडा लिहायचा. शेजाऱ्यांनी त्यांना खुळे म्हटले नसेल तरच नवल. पण २०२० साली, करोनाच्या टाळेबंदीत लोक घरी अडकले असताना, रेडिंग विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाने त्या जुन्या हस्तलिखित तक्त्यांची नक्कल करून देण्याचे आवाहन केले. सुमारे १६ हजार लोकांनी घरी बसून ६५ हजार पानांवरचे ५० लाखांवर आकडे काही आठवड्यांत उतरवून दिले. त्यामुळे ब्रिटनच्या पावसाची अधिकृत माहिती १८३६ पर्यंत मागे नेता आली. पूर आणि अवर्षण यांचा अंदाज बांधणाऱ्यांना आज ती उपयोगी पडते. एका पिढीचा छंद पुढच्या पिढ्यांची सार्वजनिक मालमत्ता झाला.

पक्षी मोजणाऱ्यांचेही तसेच. १९७९ पासून दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस लक्षावधी माणसे आपल्या बागेकडे तासभर टक लावून बसतात आणि कोणते पक्षी किती आले ते लिहून पाठवतात. चिमण्या किती झपाट्याने कमी झाल्या, हे या घरगुती मोजदादीनेही दाखवून दिले. वेल्समधील तालिथलिन येथील लहानशी आगगाडी मालकाच्या मृत्यूमुळे बंद पडण्याच्या बेतात होती. १९५१ साली हौशी मंडळींनी ती चालवायला घेतली आणि अजूनही ती धावते आहे. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या नौकांची १८२४ सालची संस्था मुख्यतः देणग्यांवर चालते आणि तिचे बहुतेक नाविक स्वयंसेवक असतात. कोणी न्हावी, कोणी शिक्षक; हाक आली की वस्तरा किंवा खडू खाली ठेवून धावायचे.

श्रोतेहो, छंद माणसाला काय शिकवतो? एका लहानशा गोष्टीकडे धीराने पाहायला आणि पाहिले ते लिहून ठेवायला. हीच सवय तक्रारीला लागली की तक्रारीची किंमत वाढते. ‘गाडी नेहमी उशिरा येते’ ही कुरकुर झाली. ‘गेल्या महिन्यात ही गाडी अमुक दिवशी अमुक मिनिटे उशिरा आली’ हा पुरावा झाला. त्याला उत्तर देणे अधिकाऱ्याला भाग पडते.

आणि उत्तर दिले नाही तर काय होते, याचेही भयंकर उदाहरण त्याच देशाने घालून दिले आहे. पेनी टपालाच्या त्याच परंपरेतल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती आणली. गावोगावच्या सब-पोस्टमास्तरांच्या हिशेबात अकस्मात तूट दिसू लागली. ती माणसे सांगत होती की चूक यंत्राची आहे. त्यांचे कोणी ऐकले नाही. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना चोरी, खोटे हिशेब असल्या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. त्यांत भारतीय वंशाची माणसेही पुष्कळ होती. कित्येकांनी घरदार विकून न झालेली तूट भरली, कित्येक तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. ज्या गावात वर्षानुवर्षे म्हाताऱ्यांची पेन्शन मोजून दिली, त्याच गावात चोर म्हणून राहावे लागणे, यासारखी दुसरी शिक्षा नाही.

वेल्समधल्या अ‍ॅलन बेट्स या सब-पोस्टमास्तराने ही तूट आपली म्हणून मान्य करायला नकार दिला. त्याची शाखा गेली. त्याने कागद जपले, पत्रे लिहिली, आपल्यासारख्या इतरांना शोधून काढले आणि २००९ साली संघटना उभारली. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. २०१९ साली उच्च न्यायालयाने त्या यंत्रणेत दोष असल्याचा निर्णय दिला. जानेवारी २०२४ मध्ये ही हकीकत दूरचित्रवाणीवर नाट्यरूपाने आली, देश संतापला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पार्लमेंटने कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. वीस वर्षे! न्याय मिळाला, पण तोवर काही माणसे तो पाहायला राहिली नव्हती. सेवा जुनी आहे, नामांकित आहे, एवढ्याने ती न्यायी राहत नाही, हा यातला धडा. तिच्यावर कोणीतरी हट्टाने नजर ठेवावी लागते.

दुसऱ्या बाजूचाही एक धोका सांगितला पाहिजे. नागरिक हौसेने काम करतात असे दिसले की सरकारला हात झटकण्याचा मोह होतो. १९६४ च्या कायद्याने ग्रंथालयाची सर्वांगीण व कार्यक्षम सेवा पुरवणे हे इंग्लंड-वेल्समधील स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. तरीही २०१० नंतर काटकसरीच्या नावाखाली शेकडो ग्रंथालये बंद झाली किंवा स्वयंसेवकांच्या गळ्यात पडली. स्वयंसेवक पुस्तके प्रेमाने देतात, यात शंका नाही. पण ग्रंथपालाची विद्या प्रेमाने येत नाही, आणि गरीब वस्तीत फावला वेळ असलेली माणसे कोठून आणायची? हौस ही सेवेची जोडीदारीण शोभते. तिला मोलकरीण करू नये.

म्हणून आमचे मत असे की ब्रिटिशांकडून घ्यायचे असेल तर त्यांची बोलण्याची ढब किंवा चहाची वेळ घेऊन उपयोग नाही. घ्यावी ती त्यांची वही. ज्या वहीत कोणी पाऊस लिहितो, कोणी पक्षी, आणि वेळ आली की कोणी आपल्यावर झालेला अन्याय तारीखवार लिहून ठेवतो. आपल्या गावातही नळाला पाणी केव्हा आले, एस. टी. केव्हा सुटली, वाचनालयाचे दार किती दिवस उघडे होते, हे लिहून ठेवणारा एखादा माणूस प्रत्येक आळीत निघाला, तर नगरपालिकेच्या सभेत आरडाओरडा कमी होईल आणि कामे अधिक होतील. अशा माणसाला आपण आज विक्षिप्त म्हणतो. यापुढे जरा आदराने म्हणू या, एवढीच आमची विनंती.