ग्रहण दिसते, अष्टमी दिसत नाही



विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांचे जमते की नाही, हा विषय अध्यक्षीय भाषणासाठी घेऊ नका, असे मला काही हितचिंतकांनी बजावले होते. यात बोलणारा कुणाचाच राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. एक बाजू त्याला बोटचेपा ठरवते, दुसरी पाखंडी. तरीही विषय घेतला, कारण विज्ञानावर लिहिणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला शाळेत, ग्रंथालयात, गणपतीच्या व्याख्यानमालेत हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, आणि आपण बहुधा हसून वेळ मारून नेतो.

या वादाला ठरलेल्या याद्या आहेत. एक जण गॅलिलिओवरचा 1633 सालचा खटला काढतो. दुसरा न्यूटनने धर्मशास्त्रावर लिहिलेले ढीगभर कागद दाखवतो, रामानुजन आणि नामगिरी देवीची गोष्ट सांगतो. या याद्यांतून एवढेच कळते की एकाच माणसाच्या डोक्यात पूजा आणि समीकरण सुखाने नांदू शकतात. ते तर आपण आपल्या घरातही पाहतो. माणसांचे जमते हे उघड आहे. प्रश्न विधानांचा आहे.

यावर अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी 1997 साली एक तोडगा मांडला. जग कसे आहे हे विज्ञानाने सांगावे, कसे जगावे हे धर्माने सांगावे, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये. तोडगा सभ्य आहे, म्हणून लोकप्रियही झाला. पण हीच वाटणी आपल्याकडे त्याच्या शंभर वर्षे आधी करून पाहिली होती, आणि तीही पंचांगात. ती टिकली नाही. का टिकली नाही, हे मला आज जरा सविस्तर सांगायचे आहे.

तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. व्याख्या शुद्ध खगोलाची, उपयोग शुद्ध धर्माचा: एकादशी, श्राद्ध, चतुर्थीचा उपास. महाराष्ट्रात हे गणित शतकानुशतके चालले ते कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून. ग्रंथ 1520 सालचा. ज्याकोष्टकांची (म्हणजे साइनच्या तक्त्यांची) कटकट टाळून खेड्यातल्या जोश्यालाही ग्रह काढता यावेत, अशी त्याची हातोटी. काम उत्तम, पण तीनशे वर्षांत आकाश आणि कागद यांत अंतर पडत गेले.

डेक्कन कॉलेजात गणित आणि भौतिकी शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी युरोपीय गणितावरून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ 1860 साली छापली. पुढे 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने नव्या गणिताचे पंचांगही निघू लागले. त्यालाच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणू लागले. आकाशात दिसते तेच कागदावर यावे, याला आपल्या परंपरेत दृक्‌प्रत्यय म्हणतात, आणि ही अपेक्षा जुन्या सिद्धान्तकारांचीच होती. तेव्हा केरूनानांचे स्वागत व्हायला हवे होते. झाले नाही.

अडचण कुठे आली ते पाहण्यासारखे आहे. जुन्या गणितात तिथी 60 घटिकांवर फार तर पाच घटिका वाढते आणि सहा घटते. याला ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणतात. नव्या गणितात ती सात वाढते आणि दहा घटते. धर्मशास्त्राचे निर्णय, कुठली तिथी कुठल्या दिवशी धरायची, हे सारे पाच-सहाच्या हिशेबावर बसवलेले होते. सात-दहा मान्य केले की निर्णयग्रंथांची घडी विस्कटणार. शास्त्रीमंडळींची धास्ती निव्वळ हट्टाची नव्हती.

आता यातला सगळ्यात गमतीचा भाग. जुने चंद्रगणित ग्रहणांवर घासून पारखलेले होते. ग्रहण होते ते पौर्णिमेला किंवा अमावास्येला, त्यामुळे त्या दोन टोकांना चूक लहान राही. चंद्राच्या गतीत आणखी एक फरक असतो, तो पौर्णिमा-अमावास्येला दबतो आणि अष्टमीच्या आसपास डोके वर काढतो. ज्योतिर्विद मुंजालाने दहाव्या शतकातच त्यासाठी एक संस्कार सांगितला होता, पण पंचांगाच्या रोजच्या गणितात तो रुजला नाही. अष्टमी काही तासांनी चुकत राहिली. ग्रहण चुकले तर सारा गाव नदीकाठी उभा राहून जोश्याला हसेल. अष्टमी किती वाजता संपली हे कुणाच्या डोळ्यांना दिसते?

याच न दिसण्यावर मग एक सिद्धान्त उभा राहिला. ग्रहणासारख्या दृश्य गोष्टी नव्या गणिताने काढाव्यात. श्राद्ध-व्रतांचे फळ मात्र अदृष्ट, तेव्हा त्यांच्या तिथी ऋषिप्रणीत गणितानेच धराव्यात. हे म्हणणारे अडाणी नव्हते. काशीला बापूदेवशास्त्री, मूळचे आपल्याकडचेच, यांनी 1876 पासून दृक्‌गणिताचे पंचांग काढले. त्यांच्यामागून तिथेच गणित शिकवणारे सुधाकर द्विवेदी हे हिंदीत कलनशास्त्रावर पुस्तके लिहिणारे गृहस्थ, पण तिथीसाठी जुनेच गणित हवे, या मताचे. गूल्ड यांची वाटणी ती हीच. दिसते ते तुमचे, दिसत नाही ते आमचे.

ती का कोसळली? कारण तिथी दोन्ही हद्दींत आहे. फळ अदृष्ट असेल, पण ते 12 अंश आकाशात आहेत आणि मोजता येतात. सूर्यग्रहण अमावास्येच्या शेवटालाच होते. ग्रहण नव्या गणिताचे आणि अमावास्या जुन्या गणिताची छापली, तर एकाच पानावर अमावास्या दोनदा संपते. श्रद्धा नुसती मूल्ये सांगून थांबत नाही. ती आकाशाबद्दल, शरीराबद्दल, इतिहासाबद्दल काही ना काही विधान करतेच. करू दे. पण विधान तपासण्याजोगे असेल तर ते तपासले जाणार आणि चूक निघाली तर दुरुस्त होणार, हे तिला मान्य आहे का? मला विचाराल तर जमते की नाही याचा निकाल या एका जागी लागतो.

पंचांगाने शेवटी ते मान्य केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहून जुन्या ग्रंथकारांनीच वेळोवेळी दुरुस्त्या कशा केल्या ते दाखवून दिले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ संस्कृतात रचले, म्हणजे शास्त्र्यांच्या भाषेत त्यांनाच नवे गणित दिले. लोकमान्य टिळकही दृक्‌प्रत्ययाच्याच बाजूचे. आज आपल्या भिंतीवरची आणि देवघरातली बहुतेक मराठी पंचांगे दृक्‌गणिताने तिथी देतात, आणि ती पाहून उपास करणाऱ्या कुणाच्याही श्रद्धेला ओरखडा पडलेला नाही. जुन्या गणिताच्या या पराभवाची कुठे नोंदही नाही! मला ही पद्धत आवडते. हरल्याचे जाहीर करायला न लावता दुरुस्ती पदरात पाडून घेणे हे मोठे शहाणपण होते. (दुरुस्तीवाल्यांचे आपसात मात्र जमले नाही. राशिचक्राचा आरंभबिंदू रेवतीवरून धरायचा की चित्रेवरून, यावर ते भांडले आणि सुमारे चार अंशांचा फरक राहिला. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत अजून 10 जानेवारीला तिळगूळ वाटतात.)

पण दुरुस्ती नेहमी एवढी स्वस्तात मिळत नाही. आर्यभटांनी 499 साली सांगितले की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला. ब्रह्मगुप्तांनी 628 साली राहू नाकारणाऱ्यांना वेदस्मृतींच्या विरोधात गेल्याबद्दल झोडपले, आणि त्याच ग्रंथात ग्रहणाचे गणित छायेनेच केले. सुमारे 1030 साली अल्‌बेरुनीने हे वाचले तेव्हा तो चक्रावला. एवढा मोठा गणिती असे का लिहितो? सॉक्रेटिसवर ओढवले तसे आपल्यावर ओढवू नये म्हणून लिहिले असावे, असा त्याचा तर्क. पुढे भास्कराचार्यांनी सुवर्णमध्य काढला: राहू छायेत शिरतो आणि मग झाकतो. गणिताला धक्का नाही, पुराणालाही नाही. ही चतुराई आहे हे खरे, पण तिची किंमत शिकणाऱ्याने मोजली. गणित ज्योतिष्याच्या घरात राहिले आणि राहू गावात.

अल्‌बेरुनीचा तर्क बरोबर होता की नाही ते बाजूला ठेवू. त्या तर्कातली भीती आपल्याला परकी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. देवाला विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या खुनानंतर झालेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा वाचून पाहा. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन यांना तो स्पष्ट शब्दांत वगळतो. वारी बंद पडेल अशी ओरड करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते कलम वाचले होते, कोण जाणे.

दाभोलकरांचे नाव आणखी एका कामाशी जोडलेले आहे, आणि तपासणी कशी असते याचा तो वस्तुपाठ आहे. 2008 साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 200 मुलांच्या कुंडल्या जमवल्या, 100 हुशार मुलांच्या, 100 मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 कुंडल्या देऊन, कोणती कुणाची ते सांगा, असे आवाहन केले. 27 जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश 46 टक्के. नाणे उडवले असते तरी 50 टक्क्यांच्या आसपास आले असते. यात कुणाला नास्तिक व्हायला सांगितले नव्हते. ‘कुंडलीवरून बुद्धी कळते’ एवढे एकच विधान कसाला लावले.

आता उलट दिशेचा मोह. श्रद्धेला विज्ञानाची साक्ष मिळवून देण्याचा. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू, आणि विश्व प्रसरण पावत आहे हे 1927 साली मांडणारे भौतिकशास्त्रज्ञही. 1951 साली पोप बारावे पायस यांनी या प्रसरणातून सुचणाऱ्या विश्वाच्या आरंभात, म्हणजे महास्फोटात, ईश्वरी निर्मितीची खूण पाहिली, तेव्हा सगळ्यात अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त उद्या निरीक्षणाने खोटा ठरला, तर काय देवही खोटा ठरणार? पलीकडे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांना त्याच सिद्धान्तात बायबलचा वास येई आणि तो त्यांना सहन होत नसे. आपले नारळीकर हॉइल यांचे शिष्य. त्यांनीही महास्फोट कधी स्वीकारला नाही, मात्र त्यांचे आक्षेप भौतिकीचे होते. 1965 साली सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग सापडले आणि बहुतेकांच्या मते पारडे लमेत्र यांच्याकडे झुकले. त्यात धर्मगुरूची श्रद्धा जिंकली नाही आणि हॉइल यांची अश्रद्धा हरली नाही. ज्याचा निकाल लागायचा होता, त्याचाच लागला.

आपल्याकडे लमेत्र यांची ही शिस्त दुर्मीळ आहे. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा आपल्या संशोधनाबद्दल सांगत असताना ढाक्याच्या एका वकिलाने ‘हे सगळे वेदात आहे’ असा धोशा लावला, आणि कुठे आहे विचारल्यावर, आपण वेद वाचलेले नाहीत, असे सांगितले. वेदांवर असा अविश्वास दुसरा कोण दाखवेल? वेदांना विज्ञानाच्या शिफारसपत्राची गरज आहे, असेच ते म्हणणे झाले.

हेच निरीश्वरवादी साहा 1952 साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. सोबत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर. जुने सौरवर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 24 मिनिटांनी मोठे, म्हणून 1400 वर्षांत सण ऋतूंपासून 23 दिवस सरकले, हे समितीने मांडले. राष्ट्रीय दिनदर्शिका 22 मार्च 1957 पासून लागू झाली, 1 चैत्र 1879. सरकारी पत्रांच्या कोपऱ्यात ती अजून असते. सणांना मात्र जनतेने तिच्यापासून दूरच ठेवले. उत्तरायण डिसेंबरच्या 21-22 तारखेला सुरू होते, असे मूल भूगोलात शिकते आणि मकर संक्रांतीला होते, असे घरी ऐकते. सुमारे 1700 वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होत असत. हे त्या मुलाला कोण सांगते? आई सांगत नाही, बाई सांगत नाहीत. ते आपण लिहायला हवे होते.

आणि लिहिताना आपलेही तपासून लिहू या. विजयदुर्गावर 1868 च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी हेलियम शोधला, अशी कथा आपल्यातलेच लोक भक्तिभावाने छापतात. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले 1898 च्या ग्रहणाला. विज्ञानाच्या नावाने रचलेले स्थलपुराणही शेवटी पुराणच.

एक सूचना करून थांबतो. केरूनाना, दीक्षित, केतकर आणि टिळक यांच्या काळातल्या पंचांगवादाचे लेख, पत्रे, सभांचे वृत्तान्त एकत्र करून एक सटीप ग्रंथ या संमेलनाच्या वतीने निघावा. त्यात जुन्या गणिताच्या बाजूने लिहिणाऱ्या शास्त्र्यांचे लेख कापाकापी न करता, पूर्ण घ्यावेत. गणिताच्या टिपांचे काम मी अंगावर घ्यायला तयार आहे.