'घ' आणि 'ध' यांमधील अंतर

(मावळ तालुक्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ऐन श्रावणात पवन मावळातील एका शाळेत जाण्याचा योग आला. पहिलीतील एका मुलाने पाटीवर 'घर' ऐवजी 'धर' लिहिले होते. "त्याचे लक्षच नसते," असे मला सांगण्यात आले आणि मीही मान डोलावली. शाळा सुटल्यावर तोच मुलगा आईसोबत खाचरात बेणणी करताना दिसला. भातासारखेच दिसणारे गवत तो नेमके उपटीत होता. मला त्या दोहोंत काडीचाही फरक दिसेना. मान डोलावल्याची तेव्हा लाज वाटली.

नजर तीक्ष्ण असूनही अक्षर चुकते, याचे कारण काय? मुलाने आजवर पाहिलेल्या जगात विळ्याचे पाते उजवीकडे असो वा डावीकडे, विळा तो विळाच. वस्तू फिरविल्याने तिचे नाव बदलत नाही. अक्षरे-अंकांच्या राज्यात हा नियम एकाएकी मोडतो. ३ चे तोंड फिरविले की ६ होतो. आपला 'छत्तीसचा आकडा' या पाठमोरेपणातूनच आला. शिरोरेषा सलग ओढली तर 'घ', ती तोडून गाठ दिली तर 'ध'. 'म' आणि 'भ', 'य' आणि 'थ' यांचेही तेच. 'व' च्या पोटात तिरपी रेघ आली की 'ब'. मोठ्यांना हे उघड दिसते, कारण आपण ते कधी शिकलो हेच विसरलो आहोत.

त्यात भर आपणच घालतो. लोणावळ्याच्या बाजारातून फिरताना पाट्यांवरील 'ल' पाहावा. कोठे मराठी वळणाचा पाकळीचा, कोठे हिंदी वळणाचा दंडाचा. शासनाने २००९ मध्ये लिपीचे प्रमाण रूप ठरवून दिले. तरी आम्ही प्रसिद्धीच्या कामातील माणसे नक्षीदार अक्षरांचा मोह सोडीत नाही, हे कबूल केले पाहिजे.

उपाय खर्चाचा नाही. वाल, पावटा, हुलगे एकत्र करून मुलांना निवडावयास द्यावेत. आंब्याची व जांभळाची पाने वेगळी करावयास सांगावीत. नंतर फसवी अक्षरे शेजारी शेजारी मांडून फरक मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावा आणि ती वाळूत बोटाने गिरवून घ्यावीत. माँटेसरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरे याच तत्त्वावरची. ताराबाई मोडक आणि आपल्याच जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातील वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, हे २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट आहे. पहिलीतच 'ढ' ठरलेले मूल तेथवर पोहोचणार कसे?

अर्थात, मूल पुस्तक नाकाशी धरीत असेल किंवा फळ्याकडे डोळे बारीक करून पाहत असेल, तर आधी डोळे तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येईल, तेव्हा अशा मुलांची नावे आवर्जून द्यावीत.

पंचायत सदस्यांना एक विनंती. आपल्याकडे शाळा उघडते आणि पावसाची झड लागते. खिडक्या लावलेल्या, अंधाऱ्या वर्गात, पांढुरक्या पडलेल्या फळ्यावर मुले पहिली अक्षरे पाहतात. वर्गात एक चांगला दिवा लावावा आणि फळे मे महिन्यातच काळे करून घ्यावेत. जूनमध्ये मावळात रंग वाळत नाही.