रोगांचीही जपणूक हवी



मावळ म्हटले की आंबेमोहर आणि इंद्रायणी भाताचा दरवळ आठवतो. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ व आयआर ८ यांच्या संकरातून विकसित केले. १९८७ मध्ये ते प्रसारित झाले. जवळच्या लोणावळ्याची कृषिशास्त्रातील ख्याती वेगळ्या कारणाने आहे. तेथील मुसळधार पाऊस, धुके व गारवा करपा रोगाला अत्यंत पोषक ठरतात. म्हणून भातवाणांची प्रतिकारशक्ती पारखण्यासाठी हे ठिकाण निवडले गेले. रोगाशी लढायचे तर रोग हाताशी असावा लागतो, हा लोणावळ्याचा धडा होय.

करपा बुरशीमुळे होतो. बुरशी प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर वाढवता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. विषाणूंचे तसे नाही. ते जिवंत पेशीतच वाढतात. त्यामुळे रोगट पाने वाळवून अतिशीत तापमानात ठेवावी लागतात. भातावरील टुंग्रो रोग तर पानांच्या रसातून पसरत नाही. हिरवे तुडतुडे तो वाहून नेतात. त्याचे विषाणू जिवंत राखायचे तर कीटकरोधक काचगृहात तुडतुड्यांकरवी रोपामागून रोपाला लागण करावी लागते. या प्रवासात विषाणू बदलू शकतो. म्हणून मूळ नमुना जपणे व वेळोवेळी पडताळणी करणे अगत्याचे असते.

हा खटाटोप कशासाठी? टुंग्रोची खुजी, पिवळट-नारिंगी रोपे नत्राच्या कमतरतेसारखी भासतात. शेतकऱ्याने युरियाचा जादा हप्ता दिला, तर रोग हटत नाही. उलट करप्याला बळ मिळते. बुरशीनाशक फवारले, तरी विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही. आज विषाणूची जनुकीय ओळख पटवता येते. पण ती ताडून पाहण्यास खात्रीचा जुना नमुना लागतोच.

नमुन्याचे मोल त्याच्या नोंदीत असते. गाव, पीक, वाण, दिनांक व लक्षणे लिहिलेली नसतील, तर तो नमुना खातेदाराचे नाव नसलेल्या सातबाऱ्यासारखा ठरतो. ही नोंद गावातच होऊ शकते. अनोळखी रोग दिसताच रोप गावोगाव न फिरवता सहायक कृषी अधिकाऱ्यास शेतावर बोलवावे, शाळेतील मुलांनाही लक्षणे टिपण्यास शिकवावे. संशोधकाच्या शीतपेटीतील पानाची खरी सुरुवात बांधावरच होते.