बिल्टीवर आमचे नाव नव्हते
(पुण्यात सदाशिव पेठेतील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

सभागृहात जमलेल्या पुणेकर मंडळींनो, आणि रात्रभर एस.टी.त बसून इथे आलेल्या शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

आम्हाला विषय दिला आहे, 'खेड्यापाड्यांतल्या जुन्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या आठवणी'. आठवणी आम्ही सांगू. दुपारी एक ते चार या वेळात सदाशिव पेठेत बोलायचे नसते हे आम्हालाही ठाऊक आहे, म्हणून वेळेत आटोपू. पण आम्ही शेतकरी माणसे. आम्हाला आठवण आली की तिच्या मागोमाग हिशेब येतोच, तेवढा ऐकून घ्यावा लागेल.

मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर. रुळांची रुंदी अडीच फूट. या गाडीला सगळा वऱ्हाड शकुंतला म्हणतो. 1921 साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन 1994 सालापर्यंत ती ओढत होते, एप्रिल 1994 मध्ये डिझेल आले. फाटकाजवळ गाडी थांबायची, गाडीवरचाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राहायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. स्टेशनावर मास्तर नसला तर तिकीट गार्डच द्यायचा. एस.टी.पेक्षा तिकीट स्वस्त, म्हणून मजूर, माहेरवाशिणी, कारंज्याला दत्ताच्या दर्शनाला निघालेले, बाजाराला शेळी घेऊन निघालेले, सगळे या गाडीत. घाई असलेला माणूस तिच्यात बसायचाच नाही. आमच्याकडे घाई कोणाला होती? नांगरटीला बैल नाहीत, पेरणीला पाऊस नाही, घाई करून करणार काय!

इथपर्यंत सगळे गोड आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत एवढेच छापून येते. आता हिशेब.

ही गाडी आमच्यासाठी बांधलेली नव्हती. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. 1867 साली मोठी लाईन नागपूरला पोचली. 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले ते जलंब ते खामगाव या 13 किलोमीटरच्या फाट्यासाठी. एवढ्याशा फाट्याला व्हाइसरॉय कशाला? कारण त्याच्या टोकाला कापसाची बाजारपेठ होती. पुढे मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने यवतमाळ, अचलपूर आणि पुलगाव ते आर्वी अशा छोट्या ओळी टाकल्या. नकाशा काढून बघा. प्रत्येक ओळ कापसाच्या गावातून निघते आणि मोठ्या लाईनला, म्हणजे मुंबईच्या बंदराला जाऊन मिळते. शेजारच्या दोन तालुक्यांना एकमेकांशी जोडावे असे कोणाच्या मनात आले नाही.

मोठ्या रेल्वे कंपन्यांना सरकारने जमीन फुकट दिली आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली. नफा झाला तर कंपनीचा, तूट आली तर ती भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसाऱ्यातून. पुण्याच्या लोकांना हे नवीन नाही. इथल्याच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कौन्सिलात सांगितले होते की शिलकीचा पैसा रेल्वे बांधण्यात घालू नका, तो शिक्षणाला आणि गावांच्या आरोग्याला द्या. आणि शेतकऱ्याची ही परवड जोतीराव फुल्यांनी त्याच्याही आधी, 1883 साली, 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच शहरात मांडली.

शकुंतलेची गंमत तर याहून मोठी. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या ओळीची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेने आणि ओळीच्या वापराचे पैसे द्यायचे कंपनीला. मग रुळांची डागडुजी करायची कोणी, यावर वर्षानुवर्षे वाद. त्या वादात स्लीपर कुजले.

पण आमचे खरे दुखणे वेगळे आहे. कारंजा, दारव्हा, यवतमाळला जिनिंग झाल्या, प्रेस झाल्या. आम्ही बंडीत कापूस भरून बाजारात न्यायचा, तिथे भाव ऐकायचा आणि मान खाली घालून परत फिरायचे. सरकी निघाली, रुईची गाठ बांधली, गाठ गाडीत चढली, मूर्तिजापूरला हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत गेली. या सगळ्या वाटेवर रेल्वेची जी बिल्टी फाटली तिच्यावर नाव व्यापाऱ्याचे. गाडी आमच्या धुऱ्याला लागून जात होती, तिची शिट्टी ऐकून आम्ही वखर सोडत होतो, पण आमच्या नावाने माल पाठवायची ऐपत आमच्यात नव्हती. कापूस घरात ठेवायचा तर सावकार दारात.

बरे, पुढे ऐपत आली असती तरी काय? 1972 साली एकाधिकार खरेदी आली. पुढची जवळपास तीस वर्षे महाराष्ट्रातला कापूस राज्याबाहेर न्यायला शेतकऱ्याला बंदी. यवतमाळच्या सीमेपलीकडे आदिलाबादला भाव जास्त, पण तिकडे कापूस नेला तर तो चोर! रूळ होते, इंजिन होते, स्टेशन होते आणि माल पाठवायचे स्वातंत्र्य नव्हते. रेल्वे नव्हती म्हणून आम्ही मागे राहिलो असे कोणी सांगू लागला तर त्याला हे विचारा.

आता दुसऱ्या ओळीची गोष्ट सांगतो, कारण इथे सोलापूर-लातूरकडची ज्वारीवाली मंडळी बसली आहेत आणि कापूसवाल्यांचेच पुराण चालले आहे असे त्यांना वाटायला नको. बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. तीही अडीच फुटांची. 1906 साली पंढरपूरला गेली, 1911 साली लातूरला, 1927 साली मिरजेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी डबे भरून जायचे. बार्शी आणि लातूर या पेठा तिने मोठ्या केल्या. 1954 साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढे 2010 सालापर्यंत टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉड गेज केली.

2016 सालच्या एप्रिलमध्ये लातूर कोरडे पडले. मांजरा धरणात पाणी नाही. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत, सुमारे साडेतीनशे किलोमीटर तोडून लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या वाटेने एके काळी आमचा माल बाहेर गेला, त्याच वाटेने त्या दिवशी शंभराहून अधिक वर्षांनी काहीतरी आमच्याकडे आले. छोटी ओळ बंद करून फक्त उखडली असती तर ही गाडी कुठून आली असती? लातूरच्या मायबहिणी रांगेत घागरी घेऊन उभ्या होत्या, त्यांना विचारा.

शकुंतलेच्या वाट्याला हे आले नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या एकेक करून बंद पडल्या. ब्रॉड गेजच्या घोषणा झाल्या, टाळ्या झाल्या. आम्ही स्टेशनाचे संग्रहालय करा असे म्हणायला आलेलो नाही. ज्यांना छायाचित्रे काढायची त्यांनी खुशाल काढावीत. आम्हाला ती वाट हवी आहे, मोठ्या रुळांची.

वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला नवी ओळ होते आहे. तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. चांगले झाले. पण त्या स्टेशनांवर मालधक्का कुठे असेल, शेजारी गोदाम असेल का, गोदामाच्या पावतीवर बँक तारण कर्ज देईल का आणि दहा शेतकऱ्यांनी मिळून माल पाठवायचा म्हटले तर त्यांना वाघीण मिळेल का, हे प्रश्न आजच विचारायचे आहेत. ओळ पुरी झाल्यावर विचारून उपयोग नाही.

त्यासाठी पुणेकरांकडे एक काम मागतो. आपल्याकडे संशोधक आहेत, दप्तरे वाचायची सवय आहे. या छोट्या ओळींनी कोणत्या स्टेशनावरून किती गाठी, किती पोती नेली आणि भाडे काय लावले, ते आम्हाला काढून द्या. आणि मागच्या रांगांतल्या भावांनो, तुम्ही घरी गेलात की आजोबांची पेटी उघडा. जुनी तिकिटे, अडत्याच्या पट्ट्या, एखादी बिल्टी सापडली तर जिल्हा बैठकीला घेऊन या. बिल्टीवर कोणाचे नाव आहे ते आपण तिथे सर्वांसमोर वाचू.