पांच नोव्हेंबरची होळी

नोव्हेंबरच्या ५ तारखेस अंधार पडला, कीं इंग्लंडांत गांवोगांवच्या मैदानांवर लाकडांचे प्रचंड ढीग पेटतात. ढिगाच्या माथ्यावर फाटक्या कपड्यांत पेंढा भरून केलेला एक बाहुला बसविलेला असतो. तो जळूं लागला, कीं मुलें टाळ्या पिटतात आणि आकाशांत अग्निबाण फुटतात. ह्या बाहुल्याचें नांव 'गाय'. हा गाय कोण, हें समजण्यास इ. स. १६०५ पर्यंत मागें जावें लागतें.

त्या वेळीं पहिला जेम्स राज्यावर होता. कॅथलिकांस उघड उपासनेची मोकळीक नव्हती. राजमान्य चर्चमध्यें न जाणारांस दंड होई. नव्या राजाकडून त्यांनीं केलेली आशा फोल ठरली. तेव्हां रॉबर्ट केट्सबी ह्यानें पार्लमेंट उघडण्याच्या दिवशीं राजासह सर्व सभासदांस उडवून देण्याचा बेत रचला. कटांत १३ जण होते. उमरावसभेखालील तळघर भाड्यानें घेऊन त्यांनीं तेथें बंदुकीच्या दारूचीं ३६ पिंपें सरपणाखालीं दडविलीं. बत्ती देण्याचें काम स्पेनच्या सैन्यांत मुरलेल्या गाय फॉक्सकडे आलें.

परंतु माँटीगल नांवाच्या उमरावास एक निनावी पत्र पोंचलें : त्या दिवशीं सभेस जाऊं नये. पत्र मंत्र्यांच्या हातीं गेलें आणि ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास फॉक्स तळघरांत पकडला गेला. राजा वाचला म्हणून लंडनकरांनीं ५ तारखेलाच होळ्या पेटविल्या. पुढें १६०६ त पार्लमेंटनें कायद्यानें हा दिवस ईश्वराचे आभार मानण्यासाठीं नेमून दिला. तो कायदा १८५९ त रद्द झाला.

ह्या आभारांत द्वेषहि मिसळला. अपराध मूठभरांचा, जाच मात्र सर्व कॅथलिकांस झाला. पार्लमेंटांत बसण्याचा हक्क त्यांना १८२९ त मिळाला. मध्यंतरीं होळींत पोपचेहि पुतळे जाळले गेले. उलटपक्षीं, ससेक्समधील ल्यूइस गांवीं त्याच रात्रीं १७ जळते क्रूस मिरवितात. ते १५५५ ते १५५७ ह्या काळांत, कॅथलिक राणी मेरीच्या अमदानींत, जिवंत जाळलेल्या १७ प्रॉटेस्टंटांच्या स्मरणार्थ. आगीनें दोन्ही पंथांपैकीं कोणासहि सोडलें नाहीं.

कालांतरानें वैर निवळलें. बाहुला रस्त्यावर बसवून पैसा मागणाऱ्या मुलांनीं हा दिवस आपलासा केला. तथापि यॉर्क येथील सेंट पीटर्स शाळेंत गायचा बाहुला जाळीत नाहींत. फॉक्स हा त्या शाळेचाच विद्यार्थी; आपल्याच मुलास जाळावें कसें?